शब्दचर्चा : ‘डिकॉय’ कबुतराला मराठीत काय म्हणावं?

पूर्वकिनारा :
इथल्या, म्हणजे पूर्व इंग्लंडातल्या, आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आसपासच्या शेतीवर लेख लिहितोय. गाडी एका शब्दापाशी अडली आहे, ‘डिकॉय’.

संदर्भ असा. इथे रेप नावाचं मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक घेतात. हिवाळाभर ते शेतात बुटकं, हिरवंगार उभं असतं. बाकी रानात चरायला काही उरत नाही तेव्हा वुड पिजन थव्याथव्यानं त्यावर उतरतात आणि पानं अशी खुडतात की नुसत्या शिरा शिल्लक राहतात. पुढे वसंतात वाटाण्याच्या पेरणीवर, उन्हाळ्यात लोळलेल्या गव्हावर यांचाच मुक्काम. मग शेतकरी एखाद्या बंदूकवाल्याला बोलावतो. हा गडी पाखरांच्या मागे धावत नाही. शेतात खोटी कबुतरं मांडतो आणि बांधाच्या झुडपांशी जाळीआड बसून राहतो. आपले भाऊबंद निवांत चरताहेत असं समजून खरी कबुतरं खाली येतात. त्या खोट्या कबुतरांना डिकॉय म्हणतात आणि सगळ्या खटाटोपाला डिकॉइंग.

कोश उघडले तर आमिष, प्रलोभन, सापळा, भुलवणारा. एकही धड बसत नाही. आणि ‘वुड पिजन’ला मी ‘रानपारवा’ लिहिलंय, ते चालेल का?

माळावरची :
बुजगावणं! एवढा चांगला शब्द असताना शोधताय काय?

पूर्वकिनारा :
ताई, उलटं होतंय. बुजगावणं पाखराला हाकलतं, हे बोलावतं. गंमत म्हणजे त्याच शेतात दोन्ही असतात. आधी बुजगावणी, पतंग, गॅसवर बार काढणारी तोफ, आणि त्यानं भागलं नाही की मग हे.

शब्दखोर :
आमिष नको. आमिष म्हणजे मुळात मांस. गळाला लावतात ते, वाघासाठी बांधतात ते. पुढे अर्थ पसरून ‘नोकरीचं आमिष’ झालं, तरी ज्याला फसवायचं त्याच्या तोंडाला पाणी सुटेल असं काहीतरी त्यात लागतंच. पंचतंत्रातला व्याध जाळ्यावर तांदळाचे दाणे पसरतो आणि चित्रग्रीवाचा थवा उतरतो, ते आमिष. इथे दाणे कुठे आहेत? पीक तर आधीपासून उभंच आहे आणि कबुतराला ते ठाऊकही आहे. खोटं कबूतर त्याला खायला काहीच देत नाही. ‘इथे धोका नाही, बघ मी चरतोय’ एवढीच ग्वाही देतं. म्हणजे आपल्याला शब्द हवा तो सोंगाचा.

मूळ शब्दाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. हा बहुधा डच भाषेतून आला. तिकडे ‘कोय’ म्हणजे पिंजरा, आणि सुरुवातीचं ‘डि’ हे बहुधा त्याला चिकटलेलं उपपद. आधी तो रानबदकं धरायच्या तलावाला म्हणत. पूर्व इंग्लंडात असे तलाव बरेच होते. तलावाच्या कडांना वाकडे, निमुळते होत जाणारे जाळीचे बोगदे, पाण्यात माणसाळलेली बदकं, आणि काठावरच्या आडोशांमागून मध्येच दिसणारं नि मध्येच गडप होणारं एक कुत्रं. रानबदकं त्या कुत्र्याच्या मागे मागे बोगद्यात शिरत. नंतर तलावाचं नाव त्यातल्या भुलवणाऱ्या बदकाला पडलं, आणि तिथून लाकडी, मग प्लॅस्टिकच्या पक्ष्याला.

माझं मत ‘तोतया’ला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्याला आपण तोच शब्द लावला. त्याला १७७६ साली देहदंड झाला, शब्द मात्र जिवंत आहे. तोतया कबूतर. वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

कोरडवाहू :
तोतया ठीक आहे, पण तोतयाचा स्वार्थ असतो. प्लॅस्टिकच्या कबुतराला कसली आलीय पेशवाई?

आपल्याकडे शब्द का सापडत नाही ते सांगतो. आपला शेतकरी पाखराला कधी बोलावत नाही. शाळू हुरड्यात आला की राखण सुरू. चार बल्ल्यांचा माळा, हातात गोफण, वर बसून दिवसभर हाका आणि पत्र्याचा डबा. राखण, माळा, गोफणगुंडा, हाकारणं, बुजगावणं, सगळे शब्द पाखरू उठवण्याचे. पाखरू उतरवण्याची विद्या पारध्याची. माणसाळलेलं तितर पिंजऱ्यात ठेवून बोलतं करायचं, त्याच्या आवाजावर रानातलं तितर भांडायला येतं, आणि भोवती फासे लावलेले असतात. गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडून सावजापर्यंत जात. तेव्हा शब्द शोधायचा असेल तर शेतकऱ्याच्या घरी नको, पारध्याच्या पालावर शोधा. तिथले शब्द कोशात फारसे चढले नाहीत. पारध्यांना आधी इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं. पुढे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं पारधच बंद झाली. विद्या गेली, तिच्याबरोबर बोलीही चालली आहे.

आणखी एक, हत्तींपुरतं. रानहत्ती धरायला वापरतात तो शिकवलेला हत्ती म्हणजे कुमकी. कुमक म्हणजे मदत, त्यावरून. पण कुमकी ढकलतो, दाबतो, मध्ये घेतो. भुलवण्याचा भाग थोडा. कबुतराला तो शब्द देऊ नये.

रात्रपाळी :
पेपरात काम करतो म्हणून सांगतो. आमच्याकडे गर्भलिंगनिदानाच्या बातमीत सर्रास ‘डिकॉय केस’ छापतात. पोलिसांच्या बातमीत ‘बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला’. बनावट कबूतर?

शब्दखोर :
बनावट म्हटलं की नोटा आठवतात. आणि ‘बनावट कबूतर’ विकायला ठेवल्यासारखं वाटतं.

पंखवेल :
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही म्हणून लिहिते. ‘रानपारवा’ नको. पारवा म्हणजे आपल्या वाड्यांच्या, देवळांच्या वळचणीला घुमतो तो, आणि त्याचे रानटी भाऊ कड्याकपारीत राहतात. रानपारवा म्हटलं की वाचकाला तेच दिसतील. शिवाय आपल्या सह्याद्रीत या गटातला एक पक्षी आधीच आहे. इंग्रजीत त्याला निलगिरी वुड पिजन म्हणतात, पण महाबळेश्वराच्या दाट झाडीतही तो आहे. मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी काळीपांढरी चौकट. शास्त्रीय नावात मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन बसलेत. तो फळं खाणारा, लाजाळू, शेतीच्या वाटेला न जाणारा, आणि संख्येनं कमी. तुमच्या इंग्लंडातल्या पिकखाऊचं आणि त्याचं नाव एक झालं तर उगाच या बिचाऱ्याची बदनामी.

तुमचा पक्षी अगदीच परका मात्र नाही. त्याचीच एक जात काश्मीर-हिमालयाच्या बाजूला आहे. फरक मानेत. इंग्लंडातल्याला मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका असतो, आपल्याकडच्याचा तो फिकट बदामी. मी ‘वनकबूतर’ लिहीन, आणि पहिल्या उल्लेखातच सांगेन की पारव्यापेक्षा चांगलंच मोठं, अर्धा किलोच्या आसपास वजनाचं, उडताना पंखावर पांढरा पट्टा दाखवणारं. होला तर मुळीच नको, होला फार लहान.

पूर्वकिनारा :
वनकबूतर घेतलं. पंखावरचा पट्टा काढलात ते बरं झालं, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे, आणि मला अजून चारपाच शब्द हवेत.

पद्धत जरा उघडून सांगतो. बंदूकवाला आधी एक दिवस नुसता बघत फिरतो. कबुतरं मोकाट कुठूनही येत नाहीत. झाडांची रांग, ओढा, रेल्वेचा रूळ धरून ठरल्या वाटेनं येतात. ती वाट कळली की वारा पाठीशी येईल असा आडोसा निवडतो. कबूतर उतरताना वाऱ्याला तोंड करतं, म्हणजे ते बरोबर याच्या समोरून येणार. मग २०-२५ पावलांवर खोटी कबुतरं मांडतो, घोड्याच्या नालाच्या आकारात, मधे मोकळी जागा सोडून. त्या मोकळ्या जागेत उतरायला आलेलं कबूतर टप्प्यात येतं. खोटी कबुतरं एकमेकांना खेटून ठेवत नाहीत. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण कवायतीसारखी एका रेषेत नव्हे. प्लॅस्टिकवर चकाकी असेल तर पाखरू वरूनच वळतं, म्हणून त्यावर मखमलीसारखा थर चढवलेला असतो.

आणि पहिली काही मारली की तीच मांडायची. मेलेल्या कबुतराची मान लुळी पडते, म्हणून हनुवटीखाली बारीक काटकी रोवून डोकं वर धरतात आणि पंख नीट मिटतात. उताणं पडलेलं, पोट दिसणारं एखादं तसंच राहिलं तर बाकीचे बिचकतात. प्लॅस्टिकपेक्षा हेच जास्त चालतं असं सगळे सांगतात. जिवंत पक्षी बांधून ठेवायला मात्र बंदी आहे, १९८१च्या कायद्यानं.

तर शब्द हवेत : येण्याजाण्याची ठरलेली वाट, तो आडोसा, ती मांडणी, मधली मोकळी जागा. शिवाय दोन यंत्रं. एक पंख फडफडवतं. दुसरं बॅटरीवर चालतं, त्याच्या दोन लांब दांड्यांच्या टोकाला दोन कबुतरं गोल फिरतात आणि लांबून पांढरे पट्टे चमकताना दिसतात.

माळावरची :
काटकी रोवून मेलेल्याची मान ताठ! वाचूनच कसंतरी झालं. हे सगळं कायदेशीर आहे?

पूर्वकिनारा :
आहे, अटींवर. पिकाचं गंभीर नुकसान टाळायचं असेल तरच, आणि न मारता हाकलायचे उपाय करून बघितलेले असले पाहिजेत. २०१९च्या एप्रिलमध्ये एका संघटनेनं कायदेशीर आव्हान दिल्यावर इंग्लंडातले जुने सरसकट परवाने एकदम रद्द झाले होते. ऐन पेरणीच्या मोसमात. मग नव्या अटींचे निघाले. मारलेलं वाया जात नाही, मांसाला गिऱ्हाईक आहे.

त्यानं कबुतरं कमी होतात का हा वेगळा प्रश्न. गेल्या शतकात केंब्रिजशरमध्ये मर्टन नावाच्या संशोधकानं बरीच वर्षं अभ्यास केला. हिवाळ्यात मारली जातात त्यातली बहुतेक अन्नाअभावी तशीही मेली असती, असं त्याला दिसलं. तरी वाटाण्याचा एक तुकडा पेरणीच्या आठवड्यात वाचवायला माणूस बसवतात, त्याला अर्थ आहे. लेखात दोन्ही लिहिणार आहे.

शब्दखोर :
आडोशाला ‘लपण’. पक्षी बघणारे तोच वापरतात, लहान आहे, रुळलेला आहे. मांडणीला ‘मांड’ किंवा सरळ ‘डाव’. डाव मांडला म्हटलं की फसवणूक आपोआप आली.

कोरडवाहू :
वाटेला ‘पाखरांची वाट’ म्हणा, समास करायला जाऊ नका. मधल्या मोकळ्या जागेला नाव कशाला? ‘मधे मोकळं ठेवतात’ पुरे. इंग्रजीत नाव आहे म्हणून मराठीत हवंच असं कुठे लिहिलंय?

तोतयाचंही मान्य करतो, पण एकट्यानं नको. प्लॅस्टिकचं असेल तर तोतया. मेलेलं मांडलं असेल तर तोतया कसं? ते तर खरंच कबूतर आहे. तिथे ‘मांडलेलं कबूतर’ लिहा.

पंखवेल :
हे पटलं. आणि क्रियेला ‘भुलवून उतरवणं’. ‘भुलवणं’ एवढंच लिहिलंत तर पाखरू कुठे गेलं ते कळत नाही, ‘उतरवणं’ आलं की शेत डोळ्यांपुढे येतं.

रात्रपाळी :
मथळ्याला मात्र डिकॉयच ठेवा, नाहीतर ‘तोतया कबुतरं’ वाचून लोक राजकीय लेख समजतील.

पूर्वकिनारा :
तोतया, मांडलेलं, लपण, डाव, भुलवून उतरवणं. एवढ्यात लेख निघतो. पंख हलवणाऱ्याला ‘फडफड्या’ लिहिलं. गोल फिरणाऱ्या यंत्राला काय? ‘रहाट’ लिहून खोडलं, लोकांना पाणी दिसेल.

माळावरची :
‘फिरकी’. ते फिरतंही आणि कबुतरांची फिरकीही घेतं.

शब्दखोर :
ताई, बुजगावण्याची भरपाई झाली.

पूर्वकिनारा :
फिरकी पक्की. एक अडचण आहे, इथले जुने बंदूकवाले म्हणतात की हल्ली कबुतरं फिरकीला ओळखतात आणि लांबूनच वळतात. त्यावर दोन ओळी घालतो आणि मजकूर संपादकांकडे पाठवतो.