मदत हवी आहे: पेलेट ग्रिलच्या हॉपरमध्ये मधोमध खड्डा पडतो

पेलेट म्हणजे ग्रिलमध्ये जळणाऱ्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. त्या साठवायची पेटी, म्हणजे हॉपर, अर्धा भरलेला असतानाही ऑगरपर्यंत (पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या मळसूत्री दांड्यापर्यंत) पेलेट पोहोचत नाहीत. मधले खाली सरकतात, कडेचे उतारावर तसेच चिकटून बसतात आणि मध्ये विहिरीसारखा खड्डा तयार होतो. मग ऑगर रिकामा फिरतो, तापमान उतरतं, आग विझते. ११० अंश सेल्सिअसवर रात्रभर मांस शिजत ठेवायचं तर दर थोड्या वेळाने उठून पेलेट ढवळावे लागतात. इतक्या महागड्या यंत्रात हा उतार एवढा पसरट ठेवलाच का, याचा खरंच राग येतो.

पेलेट ६ मिमीचे, कोरडे, हवाबंद डब्यातले आहेत. भुसा चाळून काढला, हॉपर आतून पुसला, काठोकाठ भरूनही पाहिला. फरक नाही. ऑगर मोकळा फिरतो, त्यामुळे मोटरवर शंका नाही.

आता आतल्या बाजूंना गुळगुळीत स्टीलचा पत्रा तिरका बसवून उतार वाढवायचा विचार आहे. तळाची सुरक्षा जाळी काढायची नाही, भोकंही पाडायची नाहीत, कारण वॉरंटी शिल्लक आहे. आग ऑगरमधून मागे येण्याचा धोका असल्याने प्लास्टिक किंवा टेपही नको.

असा पत्रा कुणी बसवलाय का? उतार किती अंशांचा ठेवला, आणि स्क्रूशिवाय तो जागेवर कसा टिकवला?