परदेशात राहतो त्याला मराठीत काय म्हणायचं: रहिवासी, अनिवासी की उपरी?

कृष्णाकाठ, सांगली

विश्रामबागेत आम्ही काही जण मिळून परदेशी निघालेल्या मुलामुलींसाठी मराठीत माहितीपत्रक करतोय. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आयटीआय आणि नर्सिंग झालेली पोरं चौकशीला यायला लागली. बहुतेकांच्या घरातून याआधी देशाबाहेर कुणी गेलेलं नाही. पोरांना इंग्रजी जमतं, जर्मनही शिकतात. पण निर्णय घरात होतो, आणि घरातली माणसं मराठीत विचारतात. म्हणून पत्रक मराठीत हवं.

व्हिसा, पासपोर्ट, ओटीपी या शब्दांना कुणी मराठी प्रतिशब्द विचारत नाही, आणि ते शोधत बसायची गरजही नाही. आमचं अडलंय ते माणसापाशी. दुसऱ्या देशाचा नागरिक, पण तिथं वर्षानुवर्षं राहतो, कर भरतो, पोरं तिथल्या शाळेत, आणि तरी मतदान नाही. या माणसाला काय म्हणायचं?

'अनिवासी' हा आपल्या बँकेचा आणि आयकराचा शब्द. माणूस कुठं नाही तेवढंच तो सांगतो. कामाचा शब्द आहे, पत्रकात येणारच. नोकरीसाठी बाहेर गेला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं, हे पोरांना माहीत नसतं. त्यात फेमाचा अनिवासी वेगळा आणि आयकराचा वेगळा, दोन्हीकडं व्याख्या निराळी. पण तिकडच्या देशात हा माणूस कोण, याचं उत्तर 'अनिवासी'त मिळत नाही.

'परदेशी' म्हणावं तर आपल्याकडं त्याचा अर्थ भलताच होऊन बसलाय. उत्तरेतून आलेल्या, इथं कित्येक पिढ्या नांदलेल्या घरांना आपण परदेशी म्हणतो. आडनावंही तीच पडली. शब्द सुचवा, आणि तुमच्या माणसांना तिकडं नेमकं काय काय नडतं तेही लिहा. त्यावरूनच योग्य शब्द ठरेल.

मिरजेची आई

माझी मुलगी नर्स आहे, बाहेर असते. मला 'रहिवासी' पुरेसा वाटतो. त्याला वेगळं विशेषण कशाला लावायचं? मिरजेत १८९४ साली दवाखाना काढणारे डॉक्टर वानलेस जन्मानं कॅनडाचे. त्यांना आज कोण परदेशी म्हणतं? सांगली-मिरज रस्त्यावर त्यांच्या नावाची वानलेसवाडी आहे. तिथं घर घेणाऱ्यांतल्या कितीजणांना माहीत असेल, की हे एका परक्या माणसाचं नाव आहे? काम केलं, राहिला, रहिवासी झाला.

कृष्णाकाठ

ताई, तुमचं म्हणणं मनाला पटतं. पण पत्रकात एवढ्यावर भागणार नाही. आपल्याकडं 'रहिवासी दाखला' म्हणजे तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीतून मिळणारा कागद. एकदा मिळाला की राहण्याबद्दल कुणी पुन्हा विचारत नाही. तिकडं राहण्याला मुदत असते, आणि ती मुदत नोकरीला बांधलेली असते. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिशावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी बघायची, वास्तव्याचा प्रकार बदलून घ्यायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. घराचा करार, पोरांची शाळा, गाडीचे हप्ते, सगळं त्या साठ दिवसांत. नुसतं 'रहिवासी' म्हटलं तर आईवडील समजतात, पोरगं तिथं पक्कं झालं.

माहुलीकर, सातारा

शब्द आपल्याच दप्तरात आहे: उपरी. आज 'उपरा' ही शिवी वाटते, पण पेशवाईत आणि कंपनीच्या सुरुवातीच्या काळात ती महसुलाची चोख संज्ञा होती. कंपनीचा दख्खनमधला कमिशनर एल्फिन्स्टन, त्याच्या १८१९ च्या अहवालात दख्खनच्या रयतेचे दोन भाग सांगितलेत, मिरासदार आणि उपरी. सारा भरत राहिला तोवर मिरासदाराची जमीन कुणी काढून घेत नसे. ती वारसाला जाई, विकताही येई, आणि गावकीत त्याला मान असे. उपरी त्याच गावात राहायचा, तीच काळी कसायचा, पण जमीन त्याची नसे. बोली असेल तेवढी वर्षं तो कसायचा. वारसाचा प्रश्नच नाही.

दुसरी बाजूही आहे. पड जमीन लागवडीखाली आणायची असली की बाहेरून माणूस बोलवायचे आणि त्याला इस्ताव्याचा कौल द्यायचे. म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी हलका, मग दर वर्षी चढत चढत पूर्ण दरावर. गावाला हात हवे असायचे म्हणून सवलत, पण सवलत मिळाली म्हणून मिरास मिळत नसे. आजच्या कुशल कामगारांच्या व्हिशात आणि यात मला फार फरक दिसत नाही.

कृष्णाकाठ

माहुलीकर, मला जे सांगायचं होतं ते इतकं नेमकं माझ्याच्यानं सांगून झालं नसतं. 'काम आहे, कर आहे, घर आहे, पण मिरास नाही' हे वाक्य पत्रकात पहिल्या पानावर घालावं असं मला वाटतंय. शेतकऱ्याच्या घरात ते एका झटक्यात समजेल.

तासगावकर, हल्ली जर्मनीत

सातारच्या काकांचा इतिहास बरोबर आहे, पण माणसाला 'उपरी' म्हणू नका. माझ्या आईनं हा शब्द वाचला तर तिला झोप लागायची नाही. जुना अर्थ दप्तर वाचणाऱ्याला कळतो. आजच्या माणसाच्या कानाला 'आपला नव्हे' एवढंच ऐकू येतं.

आता काय नडतं ते. इथं आल्यावर दोन आठवड्यांत महानगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची लेखी खात्री लागते. घर मिळेपर्यंत नोंद नाही. नोंदीशिवाय कराचा नंबर येत नाही, बऱ्याच बँका खातंही उघडत नाहीत. आणि घरमालक विचारणार, पगाराच्या पावत्या कुठं आहेत? नवा माणूस पहिल्या महिन्यात इथंच गुरफटतो. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, असा कायदा आहे. हे माहीत नसेल तर कुणीही कितीही मागतं. फ्लॅट भाड्यानं मिळतो तेव्हा स्वयंपाकघरात पुष्कळदा ओटाही नसतो, सिंकही नसतं. भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली असतात, बाकी सगळं आपण आणायचं. घरोघरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८ युरो ३६ सेंट, टीव्ही नसला तरी.

पण सगळ्यात जास्त जीव जातो तो मुदतवाढीत. परवाना संपत आला, अर्ज केला, तरी भेटीची तारीख मिळत नाही. मग हातात एक घडीचा कागद देतात, फिक्शन्सबेशाइनिगुंग. 'तुझा अर्ज विचाराधीन आहे, तोवर तू कायदेशीर आहेस असं मानलं जातं' असा त्याचा मतलब. आत तीन चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीवर खूण असते. तिसऱ्या चौकटीवर, म्हणजे इथल्या वास्तव्याच्या कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमावर खूण असेल, तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या दोनांपैकी एकीवर असेल तर नुसत्या त्या कागदावर परतता येत नाही. वडिलांना मिरजेत दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी आधी ती खूण पाहिली आणि मग तिकीट काढलं. घरच्यांना वाटत होतं, मी सुट्टी मिळण्याची वाट बघतोय.

आणखी एक. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर साधारणपणे परवाना आपोआप संपतो. म्हातारपणी आईवडिलांपाशी वर्षभर राहीन, असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

मायणीचा, सौदीला होता

आमच्यात येवढी चर्चाच न्हवती. 'इकामा हाय का?' येवढंच विचारायचं. इकामा म्हंजे तिथं राहायचा परवाना. त्यो हाय म्हंजे माणूस हाय, इकामा संपला म्हंजे रस्त्यावरनं जायाचीबी भीती. त्याच्यावर मालकाचं नाव. मालक बदलायचा म्हंजे लई खटपट. गावाला यायचं तर एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का, आणि कायमचं निघालं की खुरूज. "खुरूज लागला" म्हनलं की समदे समजायचे, आता ह्यो परत येत न्हाई.

बायकापोरं संगट ठेवायची तर माणशी दर म्हैन्याला फी. २०१७ ला शंभर रियाल होती, दर साली शंभरानं वाढत २०२० ला चारशे झाली. चार माणसांचं घर आसंल तर बायको आन दोन पोरं मिळून म्हैन्याला बाराशे रियाल निस्ती फी. तवा आमच्या वळखीतल्या लई जणांनी बायकापोरं गावाला लावून दिली आन खोलीत पुन्हा चार-चार गडी राहाय लागले. मी राहिलो तेवढी वर्षं कुणी मला काय म्हनलं, ह्याचा मी कधी इचार केला न्हाई. पर मुक्कामी म्हनलं तर चालंल.

कृष्णाकाठ

दादा, तुमच्या 'मुक्कामी'त फार मोठी गोष्ट दडलीय. इकामा आणि मुक्काम, दोन्ही एकाच अरबी धातूतून आलेत. त्या धातूचा अर्थ उभं राहणं, थांबणं. आपला 'कायम'ही तिथलाच, मूळ अर्थ उभा असलेला, टिकून राहिलेला. पाकिटावर 'मु. पो.' लिहितो तोही हाच मुक्काम. म्हणजे एका मुळातून मराठीनं दोन टोकं काढली. एसटीची गाडी रात्रीपुरती मुक्कामाला असते, आणि कायम ते हलत नाही.

तरीही 'मुक्कामी' मी घेणार नाही. त्यात माणूस उद्या उठून जाणार असं वाटतं, आणि पंधरा-वीस वर्षं तिथं राबलेल्या माणसावर तो अन्याय आहे. पण 'कायम' घेणार, कारण त्याचं विरुद्ध टोक आता सापडलंय.

तासगावकर, तुमचंही मान्य. 'उपरी-मिरासदार' ही जोडी समजावून सांगताना वापरू, माणसाचं नाव म्हणून नाही. तुमच्या वडिलांची तब्येत आता बरी असावी. त्या तीन चौकटींचं चित्र काढून पत्रकात द्यायचा माझा आग्रह राहील.

विट्याहून

धाकटा भाऊ बाहेर आहे, वडील गेले, वारसनोंद करायची आहे. कुणी म्हणतं त्याला अनिवासी म्हणून शेतजमीन मिळतच नाही. कुणी म्हणतं 'कुलमुखत्यारपत्र' कर, कारण कुळातला माणूस आहे. यातलं खरं काय? आणि तिकडून नुसता सहीचा कागद पाठवला तर तो चालेल का?

कृष्णाकाठ

शेतजमीन अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही, पण वारसानं आली तर राहते. म्हणून भावाचं नाव सातबाऱ्यावर लावायला त्याचं बाहेर असणं आड येत नाही. तुमच्या तलाठ्यांनाही हे माहीत असेल.

कुलमुखत्यारपत्रातला 'कुल' म्हणजे कुळ नव्हे. तो अरबी 'कुल्ल', म्हणजे सगळं, संपूर्ण. 'कुल जमा' म्हणतो त्यातला. सगळ्या कामांचा अधिकार देणारं ते कुलमुखत्यारपत्र, आणि एकाच कामापुरतं ते खास मुखत्यारपत्र. त्यामुळं मुखत्यार नात्यातला असलाच पाहिजे असं काही नाही. माझं मत विचाराल तर एका वारसनोंदीसाठी सगळ्या इस्टेटीचा अधिकार देणारा कागद करू नका. खास मुखत्यारपत्र पुरे, त्यात गट नंबर घालून घ्या. भावानं तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करून घ्यायची. नुसत्या सहीचा कागद कुणी धरत नाही. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. हे राहून जातं आणि मग नोंदणीच्या दिवशी कागद बाजूला ठेवला जातो. करण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

माहुलीकर

मग नाव काय ठरवलंत?

कृष्णाकाठ

दोन नावं. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या परवान्यावर राहतो तो 'मुदतीचा रहिवासी'. ज्याच्या राहण्याला मुदत उरली नाही तो 'कायम रहिवासी'. मिरजेच्या ताईंचा रहिवासी दोन्हीकडं राहिला, आणि 'मुदतीचा' म्हटल्यावर घरातला माणूस आपणहून विचारेल, "मुदत किती?" तोच प्रश्न त्यांनी विचारायला हवा आहे. मतदानाचा हक्क मात्र दोघांनाही सहसा नसतो, तो नागरिकाचा. नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडावं लागतं, कारण आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी असलेलं ओसीआय कार्ड मिळतं, पण तेही नागरिकत्व नव्हे. हे वेगळ्या पानावर येईल.

एक शब्द अजून ठरायचाय. परवाना पुढं वाढवून घेण्याला मसुद्यात कुणीतरी 'नूतनीकरण' घातलंय. माझा त्याला विरोध आहे. आपल्याकडं गाडीचं लायसन संपल्यावरही आरटीओत जाऊन नूतनीकरण होतं, त्यामुळं हा शब्द वाचून माणूस निवांत राहतो. जर्मनीत मुदत संपायच्या आत अर्ज गेला तरच जुना हक्क पुढं चालू राहतो. एक दिवस उशीर झाला तरी खात्री उरत नाही. मी 'मुदतवाढ' म्हणतोय. मायणीच्या दादांनी आणि तासगावकरांनी सांगावं, तिकडं मराठी माणसं आपसांत काय म्हणतात? रविवारपर्यंत कळलं तर मसुद्यात घालतो.

तासगावकर

आम्ही 'वाढवायला टाकलाय' म्हणतो. मुदतवाढच ठेवा. आणि खाली ठळक लिहा, संपायच्या आधी तीन महिने तरी तारीख मागायला लागा.