गिटारच्या कार्यक्रमाला चाळीस माणसं, म्हणून पोराने ऑर्केस्ट्रात जावं?

तापीकाठ: काल आपल्या गटावर एकाने लिहिलं, "एकट्याच्या गिटारला चाळीस टाळकी. ऑर्केस्ट्रात वाजवतं तर पोराचे चार पैसे सुटले असते." त्या चाळिसांत मी होतो. पोरगा बावीस वर्षांचा, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेला. समोर स्वरलिपीचा कागद नाही, हातात तार छेडायची प्लास्टिकची पिक नाही. डाव्या पायाखाली छोटं स्टूल आणि घासून तयार केलेली नखं. जर्मन संगीतकार बाखची रचना वाजवताना खालचा आवाज एका वाटेने जातो, वरचा दुसऱ्या. मग स्पॅनिश गिटारकार तार्रेगाचं ट्रेमोलो: अंगठा खर्ज सांभाळतो आणि तीन बोटं आळीपाळीने एकच सूर धरून ठेवतात. माझ्या शेजारच्या मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. हे ऑर्केस्ट्रात कुठे वाजवेल तो?

माजी_बेसवाला: लिहिणारा मीच. बारा वर्षं गणपती-नवरात्रात धुळे, जळगाव, नंदुरबार केलं. बहिणीचं लग्न त्या पैशांवर झालं. टाळ्यांनी किराणा येत नाही. शेवटी तो शिकवण्याच घेणार, मग आधीच सांगा ना त्याला!

तापीकाठ: शिकवण्या घेतल्या म्हणजे वादक संपला का? आपल्याकडचे कितीतरी गवई शिकवूनच जगले.

रावेर_केळीवाला: ते राहू द्या. मी तिसऱ्या रांगेत होतो, कूलरच्या घरघरीत अर्धा कार्यक्रम गेला. माईक का नव्हता?

तापीकाठ: नायलॉनच्या तारेचा आवाज मुळात मऊ. नख लागलं की बोटाचं मांस, हा फरक साध्या माईकमध्ये पुसला जातो. स्पेनचा नामांकित गिटारवादक सेगोव्हिया मोठमोठ्या सभागृहांत माईकशिवाय वाजवायचा.

रावेर_केळीवाला: त्या सभागृहांत कूलर नव्हते भो! इथे एप्रिलात चव्वेचाळीस अंश. सत्तरीची माणसं पंख्याशिवाय बसवायची का?

रंधा_पटाशी: कूलरचा झोत थेट वादकावर होता, मी पाहिलं. दोन तुकड्यांमध्ये तो दर वेळी खुंट्या पिळत होता, ते उगीच नाही. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपली उन्हाळी हवा तिला जाळते. माझ्या स्वतःच्या गिटारची वरची फळी मे महिन्यात, तारा जिथे बांधतात त्या पट्टीजवळून चिरली. आवाज ऐकून मी झोपेतून उठलो. तेव्हापासून पेटीत ओल्या स्पंजची डबी असते. आयोजकांना हे कळायला हवं होतं.

रावेर_केळीवाला: म्हणजे चूक कूलरचीच. तेच तर म्हणतोय मघापासून.

रंधा_पटाशी: चूक एप्रिलची आहे.

जुना_रसिक: माझा प्रश्न वेगळाच. हे वाद्य आपलं नाही. जळगावात सतारीला माणूस मिळत नाही आणि स्पेनच्या वाद्याला गळे काढताय.

तापीकाठ: ज्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आपण अभिमानाने दाखवतो, त्या बालगंधर्वांच्या गाण्याला साथ ऑर्गनची होती. तो काय वाघूरकाठी उगवला? हार्मोनियमला आकाशवाणीने 1940 ते 1971 दारात उभं केलं नाही. आज तिच्याशिवाय भजन होतं का?

जुना_रसिक: ऑर्गन साथीला होता, एकटा नव्हता. पण हार्मोनियमचं खरं आहे. सतारीचं माझं दुःख त्याने कमी होत नाही.

माजी_बेसवाला: सगळे कूलरवर भांडताय, पोराच्या पोटाचं कोणीच बोलेना. चाळिसांपैकी तिकीट किती जणांनी काढलं?

तापीकाठ: प्रवेश मोफत होता.

माजी_बेसवाला: झालं! दोनशे रुपये ठेवा, डिसेंबरात घ्या, वांग्याच्या भरताच्या दिवसांत. कूलर नको, माईक नको. पहिलं तिकीट मी काढतो. ट्रेमोलोच्या वेळी मी दारात उभा होतो, निघून जाता आलं नाही, एवढं कबूल. ऑर्केस्ट्राबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.