शाळेची परंपरा की सरांची? मुंबईच्या शालेय क्रिकेटवर थोडं भांडूया

परळचा_पंटर (धागा सुरू करणारा)

परवा आझाद मैदानातून स्टेशनकडे चाललो होतो, हॅरिस शील्डच्या (मुंबईची शालेय क्रिकेट स्पर्धा) वयाची पोरं खेळत होती, नेहमीप्रमाणे एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला पाठ लावून उभा. बाजूला एक काका कोणाला तरी सांगत होते, शारदाश्रमची परंपरा बघा, सचिन, कांबळी, आमरे, आगरकर, मुझुमदार. आणि माझं डोकं फिरलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ही परंपरा शाळेची नाहीच, कोच आचरेकर सरांची आहे. सचिन आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिशला होता, सरांनी सांगितलं म्हणून शाळा बदलली आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. आगरकरही सरांच्याच सांगण्यावरून शारदाश्रमात आला. म्हणजे पोरं शाळेत घडली नाहीत, घडायला आली तेव्हा शाळा सोबत मिळाली. सर थकले, मग शील्डं दुसरीकडे गेली. आता जिथे चांगला कोच तिथे फी माफ, किट फुकट, आणि अर्ध्या मुंबईतली पोरं एकाच वर्गात. बाकीच्या शाळांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?

सीझनबॉल

काय राव, फी माफ केली तर तुझं काय गेलं? रोहित शर्मा बोरिवलीला काका-आजोबांकडे वाढला, दिनेश लाड सरांनी स्वामी विवेकानंद शाळेत ये म्हटलं तर महिन्याची फी होती २७५ रुपये आणि घरच्यांना ती झेपत नव्हती. सरांनी शाळेशी बोलून स्कॉलरशिप मिळवून दिली. तेव्हा तो ऑफस्पिन टाकायचा, त्यातून ओपनर झाला. पुढे त्याच सरांनी पालघरच्या शार्दुल ठाकूरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. याला तू पोरं पळवणं म्हणणार असशील तर असू दे बाबा, अजून दहा पोरं पळवा.

परळचा_पंटर

रोहितची गोष्ट येणार हे माहीतच होतं 😄 जो पोचला त्याची गोष्ट सगळे सांगतात. अशाच एखाद्या शाळेत जो पोरगा पहिलीपासून होता आणि आठवीत बाहेरून चार जण आले म्हणून टीमबाहेर गेला, त्याचं काय? तो मी. शाळेचं नाव घेत नाही. दोन वर्षं स्कोअरबुक लिहिलं, आजही बाय आणि लेगबाय झोपेत ओळखतो.

थर्ड_स्लिप

पंटरभाऊ, दुखरी नस कळली पण त्यावरून सगळा इतिहास झोपवू नका. फेब्रुवारी १९८८, हॅरिसची सेमीफायनल, समोर सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४, टीम २ बाद ७४८. सर डिक्लेअर करा म्हणून निरोप पाठवत होते आणि हे दोघं तिकडे बघतच नव्हते म्हणतात. आणि अमोल मुझुमदार पॅड बांधून बसलेला, बसूनच राहिला. त्याला भारताकडून एकही मॅच मिळाली नाही आणि २०२५ ला त्याच्याच कोचिंगखाली आपल्या बायकांनी वर्ल्डकप उचलला. शाळेने काय दिलं म्हणता, एकाच टीममध्ये असली तीन पोरं असणं हेच दिलं. नेटमध्ये रोज शेजारी कांबळी असेल तर तुमचीही बॅट सरळ येते.

लाईनलेंथ

मला एक कळत नाही, या धाग्यात सगळे बॅट्समनच कसे? त्या ६६४ मध्ये कोणीतरी बॉल टाकत होतं ना. सेंट झेवियर्सकडून साईराज बहुतुले होता, तो तरी पुढे टेस्ट खेळला. बाकीच्यांचं काय. २०१३ मध्ये पृथ्वी शॉ ५४६, २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे नाबाद १००९, टीम ३ बाद १४६५, आणि समोरची शाळा ३१ आणि ५२ ला ऑलआउट. याला मॅच म्हणायचं? समोर लहान लहान पोरं फील्डिंग करत होती दीड दिवस. प्रणवचंही भलं झालं नाही, रिक्षावाल्याचा पोरगा, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० ची स्कॉलरशिप दिली, पुढे रन होईनात तर वडिलांनीच ती बंद करा म्हणून कळवलं. मला त्या बापाबद्दल जास्त आदर आहे.

मी पण असल्या एका मॅचमध्ये २६ ओव्हर टाकल्यात, विकेट शून्य. घरी आईने विचारलं किती घेतल्या, म्हटलं दमलोय.

विरार_फास्ट

पृथ्वीचं नाव निघालं म्हणून. विरारचा पोरगा, शाळा वांद्र्याला, रोजचा लोकलचा प्रवास. माझा मुलगाही याच लाईनवर किटबॅग घेऊन जातो, लगेजच्या डब्यात शिरलं तर लोक ओरडतात, साध्या डब्यात शिरलं तर जास्त ओरडतात. आम्ही शाळा बदलली कारण जुन्या शाळेला मैदानच नाही, डांबरी अंगणात पीटी. तुम्ही म्हणता तसं निष्ठेने तिथेच राहिला असता तर प्लास्टिक बॉलने खेळत बसला असता. निष्ठा आम्हाला परवडत नाही हो.

मनपा_मास्तर

वाचत होतो, आता राहवत नाही. मी महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवतो. तुमची चर्चा कोणत्या शाळेने कोणाची पोरं नेली यावर चाललीय, आमच्याकडे नेण्यासारखं कोणी आहे का हे बघायलाही कोणी येत नाही. हातात खेळ असलेली पोरं आहेत, डावखुरा एक तर असा थ्रो मारतो की बघत राहावं. पण सीझन बॉलचं, म्हणजे लेदर बॉलचं, किट म्हणजे एका घराचा महिन्याचा किराणा. टीम उतरवायची तर ११ बूट आधी शोधावे लागतात. म्हणून आम्ही खो-खो आणि कबड्डी खेळवतो, आणि त्यात जिंकतो पण, ते कोणी पेपरात छापत नाही हा भाग वेगळा. यशस्वी जैस्वाल मैदानातल्या तंबूत राहिला म्हणून सगळे कौतुक करतात. अहो पोराला तंबूत राहावं लागलं यात कौतुक कसलं?

सीझनबॉल

मास्तर, मान्य. पण मग फी माफ करणाऱ्या शाळांना शिव्या कशाला, तुमच्या त्या डावखुऱ्याला अशीच एखादी शाळा मिळाली तर तुम्ही नाही म्हणाल?

मनपा_मास्तर

नाही म्हणणार नाही. स्वतः नेऊन सोडेन. पण मग माझी खो-खोची टीम एका पोराने कमी होईल आणि तो जिंकला की नाव तुमच्या त्या शाळेचं लागेल, एवढंच पंटरभाऊंचं म्हणणं आहे बहुतेक.

परळचा_पंटर

हो, एवढंच. मला एक तासभर लागला ते लिहायला, तुम्ही दोन ओळीत लिहिलंत. आचरेकर सरांवरचं माझं वाक्य मात्र मागे घेत नाही. थर्ड_स्लिप, पुढच्या आठवड्यात मॅच असेल तर आझादला ये, समोरासमोर भांडू. आणि मास्तर, त्या डावखुऱ्याच्या बुटाचा नंबर सांगा.

लाईनलेंथ

बॉलिंग टाकतो का तो?