फाल्कन्सचे चार नवे डिफेन्सवाले : पहिल्या सीझनला किती आशा धरायची?

लाल_ससाणा

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची लीग) २०२५ चा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, उरकला आणि आपल्या अटलांटा फाल्कन्सने पहिल्या चारही निवडी डिफेन्सवर लावल्या. १५ व्या क्रमांकावर जॉर्जियाचा जेलॉन वॉकर, २६ वर टेनेसीचा जेम्स पीअर्स ज्युनियर, तिसऱ्या फेरीत ९६ वर नोटर डेमचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) झेवियर वॉट्स आणि चौथ्या फेरीत ११८ वर ओक्लाहोमाचा बिली बोमन ज्युनियर. मला मनापासून आनंद झालाय. २०२४ मध्ये १७ सामन्यांत आपले सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, पास सुटायच्या आत पाडणं) फक्त ३१, लीगमध्ये खालून दुसरे. एका सीझनमध्ये दहाच्या वर सॅक काढणारा आपला शेवटचा माणूस म्हणजे २०१६ चा व्हिक बीझली, १५.५. त्यानंतर २०२४ पर्यंत कुणीच नाही.

जाणकारांना विचारायचंय. वॉकर आणि पीअर्सला लगेच किती स्नॅप (म्हणजे चाली) मिळतील, आणि दोघांचे मिळून किती सॅक धरायचे? वॉट्स पहिल्या आठवड्यापासून आपला सेफ्टी जेसी बेट्सच्या जोडीला उभा राहू शकेल का? बोमनची जागा नेमकी कुठली? आणि एक धाकधूक : लाइनच्या (पुढच्या फळीच्या) मधला ग्रेडी जॅरेट दहा सीझननंतर गेला, पण लाइनच्या मधल्या जागेसाठी एकही निवड झाली नाही. बाहेरून कितीही धावले तरी मधूनच वाट मोकळी राहिली तर काय उपयोग?

पाच_टेक्निक

आधी स्नॅपचा हिशेब मांडू, कारण बऱ्याच अपेक्षा तिथेच अडतात. एका सामन्यात डिफेन्सला साधारण ६२ स्नॅप धरा. दोन एज (लाइनच्या टोकांवरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारे रशर), म्हणजे वाटायला १२४ जागा. लेनर्ड फ्लॉइड आलाय (२०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोकडून ८.५ सॅक), आणि अर्नॉल्ड एबिकेटी आहेच, ६ सॅक काढून आपल्यात तोच पुढे होता. मी असतो तर फ्लॉइडला ३५, वॉकरला ३२, एबिकेटीला ३० आणि पीअर्सला २७ दिले असते. पीअर्सला कमी का, ते खाली सांगतो. तिसऱ्या डाऊनला (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा, बहुधा पासचा) वॉकरला आत, गार्डच्या (सेंटरशेजारचा ब्लॉकर) समोर उभं केलं, तर एजची एक जागा मोकळी होते आणि पीअर्सचे पाच-सहा स्नॅप वाढतात. जॉर्जियात वॉकर हेच करायचा : आधीच्या डाऊनला इनसाइड लाइनबॅकर (लाइनच्या मागे मधे उभा राहणारा), पासची वेळ आली की रशर. बटकस अवॉर्ड (कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरचं) मिळालं ते याच दुहेरी कामावर.

आता पीअर्स. ६ फूट ५ इंच, २४५ पौंड, आणि ४० यार्ड ४.४७ सेकंदांत. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीची चाचणी) डिफेन्सिव्ह लाइनच्या गटात इतकं जलद कुणी धावलं नाही. कॉलेजात २०२३ ला १० सॅक, २०२४ ला ७.५. त्याचं पहिलं पाऊल बघा. चेंडू हलतो त्याच क्षणी त्याचा पुढचा पाय जमीन सोडतो. समोरचा टॅकल (ऑफेन्सचा कडेचा ब्लॉकर) पहिली किक-स्टेप (मागे सरकायचं पाऊल) टाकून दुसरी टाकायच्या आत पीअर्स त्याच्या खांद्याच्या रेषेत आलेला असतो. टॅकल घाबरून बाहेर जास्त सरकतो, आणि आतली वाट उघडते. म्हणजे त्याचा वेग दोन रीतींनी कामाला येतो, पण आतला काउंटर (बाहेर जाण्याचा भास देऊन आत कापणं) त्याच्याकडे पक्का असेल तरच. नसेल तर चांगला टॅकल चार स्नॅपमध्ये ओळखतो आणि त्याला कमानीवरून मागे ढकलत नेतो.

इथेच रूकी (पहिल्या वर्षाच्या) रशरची सगळ्यात मोठी चूक होते. शॉटगनमधून (लाइनपासून मागे उभं राहून चेंडू घेणं) पास टाकताना क्वार्टरबॅक साधारण सात-आठ यार्डांवर असतो. रशर नऊ-दहा यार्डांपर्यंत गेला की तो खेळातून बाद, वर त्याने मोकळी सोडलेली वाट क्वार्टरबॅकला पळायला आयतीच. २०२४ चे आपले शेवटचे दोन सामने आठवा. वॉशिंग्टनविरुद्ध जेडन डॅनियल्स १२७ यार्ड धावला. पुढच्या आठवड्यात कॅरोलायनाच्या ब्राइस यंगने दोन टचडाऊन पायांनी काढले. दोन्ही सामने ओव्हरटाइममध्ये गेले आणि हातचा सीझन ८-९ वर संपला. त्यामुळे पीअर्सकडून माझी पहिली मागणी सॅकची नाही. क्वार्टरबॅकच्या खोलीला पोचताच आतला हात टॅकलच्या काखेखालून घाल, बाहेरचा खांदा जमिनीकडे झुकव आणि वळ. वळता येत नसेल तर तिथेच थांबून टॅकलला मागे रेट.

पहिल्या डाऊनला त्याला कमी ठेवायचं कारण धाव-खेळ. २४५ पौंडांचा मुलगा, समोर ३१० ते ३२० चा टॅकल, शेजारी टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही झेलणारा). एज धरायची म्हणजे आतला हात ब्लॉकरच्या छातीवर, बाहेरचा खांदा मोकळा, आणि जागा सोडायची नाही. नवखे काय करतात, तर चेंडू बघायला ब्लॉकरच्या आतल्या बाजूने डोकावतात. तेवढ्यात रनर बाहेर उडी मारतो आणि १५ यार्ड जातात. झोन रीडमध्ये (एजवाला काय करतो ते बघून क्वार्टरबॅक चेंडू द्यायचा की ठेवायचा ते ठरवतो) तर ऑफेन्स मुद्दाम त्याला ब्लॉकच करत नाही. तो सुसाट रनिंग बॅककडे गेला, की क्वार्टरबॅक चेंडू ठेवून घेतो. तिथे खांदे लाइनला समांतर ठेवून, पाय न उचलता सरकत थांबायचं असतं, आणि वेगवान माणसाला थांबणं शिकवणं सगळ्यात अवघड.

वॉकर याच्या उलट. ६ फूट १ इंच, २४३ पौंड. एजसाठी बुटका म्हणतात, पण त्यामुळे त्याचं हेल्मेट टॅकलच्या हनुवटीखाली जातं आणि तळहात थेट छातीच्या पॅडखाली बसतात. जोर खालून वर लागतो. अडचण अशी, की लांब हातांचा टॅकल त्याला आधी पकडतो. त्यावर उपाय म्हणजे पकड बसायच्या आत मनगटावर फटका. दुसरा उपाय डिफेन्सचा प्रशिक्षक जेफ उलब्रिकच्या हातात आहे : स्टंट (दोघांनी वाटा बदलून घुसणं). आपला आतला डिफेन्सिव्ह टॅकल गार्डच्या बाहेरच्या खांद्यात घुसतो, आणि वॉकर त्याच्या मागून वळसा घालून मधून येतो. धावत येणाऱ्या २४३ पौंडांसमोर जागेवर उभा असलेला सेंटर टिकत नाही. मला वाटतं वॉकरचे निम्मे सॅक असेच येतील.

आकडा विचारलात म्हणून : दोघांचे मिळून १० ते १२ झाले तर मी समाधानी. ३१ वरून संघ ४१ वर गेला तरी सामन्याला १.८ ऐवजी २.४ पडतात. पण सॅकपेक्षा मी पास रश विन रेट बघेन, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत ब्लॉकरला किती वेळा हरवलं. सॅक नशिबानेही मिळतो. अडीच सेकंदांतला विजय तसा मिळत नाही.

डीप_हाफ

एजवर सगळं आलंच आहे, मी मागच्या फळीचं बोलतो. चौघांत मला सगळ्यात जास्त आशा वॉट्सची आहे. २०२३ ला ७ इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मधेच झेलणं) आणि ब्रॉन्को नागुर्स्की ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम बचावपटूची), २०२४ ला आणखी ६. तो नोटर डेमला रिसीव्हर म्हणून आला होता आणि ते त्याच्या हातांत दिसतं. चेंडू हवेत असताना तो रिसीव्हरसारखा चेंडूच्या सर्वांत उंच बिंदूला हात घालतो, अंगाकडे येण्याची वाट बघत नाही. जस्टिन सिमन्स गेल्यामुळे बेट्सच्या बाजूची जागा रिकामीच आहे. पहिल्या आठवड्यापासून तोच सुरुवात करेल असं मी धरतोय.

मात्र दोन गोष्टी त्याला नव्याने शिकाव्या लागतील. पहिली मैदानाची. कॉलेजात हॅश मार्क (दर चालीला चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या खुणा) एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू कडेच्या हॅशवर असला की एक बाजू रुंद आणि एक अरुंद. सेफ्टीला आधीच अंदाज येतो की लांब थ्रो बहुधा कुठून येणार नाही, आणि तो दोन पावलं रुंद बाजूला उभा राहतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मध्यावरच. दोन्ही बाजू खुल्या, उधार घेतलेली ती दोन पावलं मिळत नाहीत. चेंडू मिळवायच्या हव्यासाने क्वार्टरबॅकचे डोळे बघत तो सरकला, तर डोळ्यांनी फसवणारा क्वार्टरबॅक विरुद्ध बाजूची सीम (मैदानातली सरळ उभी वाट) उघडून घेतो. पहिल्या सहा आठवड्यांत असा एखादा ४० यार्डांचा टचडाऊन बसेल. त्यावरून त्याला मोडीत काढू नका.

दुसरी टॅकलिंगची, म्हणजे धावणाऱ्याला पाडण्याची. मोकळ्या मैदानात त्याचे टॅकल निसटतात. कारण बहुतेक वेळा एकच : तो रनरच्या छातीवर रोख धरून पूर्ण वेगात येतो. रोख जवळच्या कमरेवर हवा, आतून बाहेर, आणि शेवटच्या तीन यार्डांत पावलं आखूड. म्हणजे रनरला एकच दिशा उरते, साइडलाइनची. बेट्स हे इतकं सफाईने करतो की शेजारी बघूनही शिकता येईल.

बोमन निकेलचा (मागच्या फळीतला पाचवा). ५ फूट १० इंच, १९२ पौंड. २०२३ ला त्याने तीन इंटरसेप्शन थेट टचडाऊनपर्यंत नेले, त्यातलं बीवाययूविरुद्धचं १०० यार्डांचं. आपल्याच डी अल्फर्डशी त्याची खरी चुरस लागेल. ज्यांना निकेल म्हणजे राखीव खेळाडू वाटतो त्यांना सांगायचंय, की हल्ली डिफेन्सचे बहुसंख्य स्नॅप पाच डिफेन्सिव्ह बॅक घेऊनच होतात. ती पूर्ण वेळची जागा आहे, आणि अवघड. स्लॉट (आतल्या बाजूला उभ्या) रिसीव्हरला आत-बाहेर दोन्ही वाटा मोकळ्या, साइडलाइनची मदत नाही.

बोमनला नियमही आडवा येईल. कॉलेजात चेंडू सुटेपर्यंत रिसीव्हरला धक्का देत अडवता येतं. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे हात लावला की इल्लिगल कॉन्टॅक्ट : पाच यार्ड, आणि त्याहून वाईट म्हणजे आपोआप पहिला डाऊन. तिसऱ्या डाऊनला १२ यार्ड हवे असताना पुढे पीअर्सने क्वार्टरबॅकला पाडलं आणि मागे बोमनचा हात जर्सीत राहिला, तर सगळी मेहनत वाया. सराव-शिबिरात तो हात कधी सोडतो याकडे माझं लक्ष असेल.

हिशेबी_पंखा

खेळाडूंबद्दल वाद नाही, किमतीबद्दल आहे. पीअर्ससाठी लॉस एंजेलिस रॅम्सना ४६ वी निवड, २४२ वी निवड आणि २०२६ ची पहिल्या फेरीची निवड दिली. बदल्यात २६ आणि १०१ मिळाल्या. १०१ पुढे वॉट्ससाठी वर सरकताना कामी आली, हे मान्य. तरीही पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे संघ वाईट खेळला की आपणच महाग होणारी वस्तू. ५-१२ झालो तर वरच्या पाच-सहांतली निवड लॉस एंजेलिसला जाईल. म्हणून पीअर्सला ‘२६ वा’ म्हणून मोजू नये. एक पहिली आणि एक दुसरी फेरी मोजलेला खेळाडू म्हणूनच मोजावं लागेल.

मधल्या लाइनबद्दलची धाकधूक मात्र मला अगदी रास्त वाटते. एजवाल्यांनी क्वार्टरबॅकला बाहेरून घेरलं तरी मधून ढकलणारं कुणी नसेल, तर तो दोन पावलं पुढे सरकतो आणि दोघेही त्याच्या मागून निघून जातात. २०२४ च्या दुसऱ्या फेरीतला रुके ओरहोरोरो आणि चौथ्या फेरीतला ब्रँडन डोरलस यांच्यावर आता सगळा भार. हे दोघे दुसऱ्या वर्षात उभे राहिले तर पीअर्सचे सॅक वाढतील, नाहीतर पाच_टेक्निक यांचे १० ते १२ मला जास्त वाटतात. मी ८ धरतो.

पाच_टेक्निक

मधल्या लाइनबद्दल पटलं. सॅकची संधी मुळात तिसरा डाऊन लांबला तरच येते, आणि तो लांबवतात पहिल्या डाऊनला मधे पाय रोवून उभे राहणारे. किमतीचं म्हणाल तर मी तरी ती मोजली असती. एज ब्रेलन ट्राइसवर २०२४ ला आशा लावली होती, पण प्रीसीझनमध्येच त्याचा गुडघा गेला आणि आपण वर्षभर रिकाम्या हाताने खेळलो. एकाच एजवर विसंबण्याचा धोका तेव्हा दिसला. या वेळी दोन घेतले.

लाल_ससाणा

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : सप्टेंबर उजाडायच्या आधी नेमकं कशावरून ओळखायचं की गाडी रुळावर आहे?

डीप_हाफ

ओटीए आणि मिनीकॅम्प (सीझनआधीचे हलके सराव) यांतल्या कौतुकाकडे रशरपुरतं दुर्लक्ष करा. तिथे अंगाला अंग लावायचं नसतं, पॅड नसतात, टॅकल खरा ब्लॉक करत नाही. सेफ्टीचं मात्र तिथेही कळतं : स्नॅपच्या आधी वॉट्स हात करून इतरांना जागा बदलायला सांगतोय, की बेट्सने सांगण्याची वाट बघतोय? दोन सेफ्टी खोल दाखवून स्नॅपला एकाने खाली यायचं, हे सोंग तो किती उशिरापर्यंत टिकवतो तेही पाहा. फार लवकर हलला तर क्वार्टरबॅक डाव ओळखतो, फार उशिरा हलला तर स्वतःच्या जागेवर पोचत नाही.

बोमनसाठी किकऑफही बघा. २०२५ पासून टचबॅकला (किक शेवटच्या पट्ट्यात गेली आणि परतवली नाही तर) चेंडू ३५ यार्डांवर येणार, त्यामुळे संघ जास्त किक मैदानातच ठेवतील. परतवणारे आणि त्यांना अडवणारे, दोन्हींची किंमत वाढली. चौथ्या फेरीतल्या मुलाला संघात रोज काम मिळवून देणारी वाट हीच.

पाच_टेक्निक

फ्लॉवरी ब्रँचच्या (आपलं सराव-केंद्र) शिबिरात पॅड चढल्यावर एकास-एक पास रशचे सराव होतात, तिथे पीअर्सची दुसरी चाल बघा. पहिली बाहेरची, ती सगळ्यांना ठाऊक आहे. लागोपाठ दोनदा बाहेर जाऊन तिसऱ्यांदा आत कापतो का? आणि तीन प्रीसीझन सामन्यांत सॅक मोजू नका, दुसऱ्या डाऊनला पाच-सहा यार्ड हवे असताना तो मैदानात आहे की नाही ते बघा. तिथे प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढलं नाही, तर एज धरण्यावर त्यांचा विश्वास बसलाय. वॉकरच्या बाबतीत एकच खूण : तिसऱ्या डाऊनला तो गार्डसमोर दोन पायांवर उभा आहे, की एजवर हात टेकून. आत उभा दिसला आणि पीअर्स व फ्लॉइड दोन्ही कडांना दिसले, तर सेंटरला कुणाकडे वळायचं ते स्नॅपच्या आधी ठरवता येणार नाही.