परमिशन बरोबर, तरी फाइल दिसत नाही

वरती ज्यांनी लिहिलंय की शेअरपॉइंटच्या (कंपनीच्या फायली ऑनलाइन ठेवायची मायक्रोसॉफ्टची सिस्टीम) लायब्ररीत, म्हणजे फायलींच्या जागेत, शॉप फ्लोअरवाल्यांना रीडचा (फक्त बघायचा) ॲक्सेस दिलाय तरी नवीन ड्रॉइंग त्यांना दिसतच नाहीत, आणि बाकी सगळेजण परमिशनचे ग्रुप परत बनवा म्हणतायत, तर कृपया ग्रुपला इतक्यात हात लावू नका. जुन्या फायली त्यांना दिसतायत ना? मग परमिशन बहुतेक ठीकच आहे.

आमच्याकडे अंबडला सेम झालं होतं. लायब्ररीला चेक आउट (एडिट करण्याआधी फाइल आपल्या नावावर लॉक करणं) कंपल्सरी होतं, आणि अशा ठिकाणी नवीन फाइल टाकली की ती टाकणाऱ्याच्या नावावर चेक आउट राहते, त्याने एकदा चेक इन करेपर्यंत, म्हणजे लॉक सोडून फाइल परत ठेवेपर्यंत, दुसऱ्या कोणालाच दिसत नाही, अगदी ॲडमिनलासुद्धा. लायब्ररी सेटिंगमध्ये चेक इन व्हर्जन नसलेल्या फायली मॅनेज करायची लिंक आहे, तिथे त्या सापडतील. टाकणारा रजेवर असेल तर तिथूनच ओनरशिप घ्या आणि चेक इन करा.

ते नसेल तर व्हर्जनिंग सेटिंग बघा. मायनर व्हर्जन (कच्चे ड्राफ्ट) चालू असेल तर 0.1 वाला ड्राफ्ट रीडवाल्यांना दिसेलच असं नाही, मेजर (1.0 सारखं पक्कं व्हर्जन) म्हणून पब्लिश करावं लागतं. अप्रूव्हल चालू असेल तर तेही पेंडिंग नाही ना बघा.

एवढं करूनही नाही दिसलं तर मग चेक परमिशनमध्ये त्या माणसाचं नाव टाका, एखाद्या फोल्डरचं इनहेरिटन्स (लायब्ररीची परमिशन आपोआप लागू होणं) कोणीतरी तोडलेलं असतं. आणि प्लीज, घाईत सगळ्यांना फुल कंट्रोल (सगळे अधिकार) देऊ नका, मग कच्चे ड्राफ्टही सगळ्यांना दिसतील, आणि सातपूरच्या व्हेंडरकडे चुकीचं रिव्हिजन गेलं तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो हो.