स्मरणशक्तीसाठी वनस्पती-अर्क: लेबलवर नेमकं काय बघायचं?

खलबत्ता: ब्राह्मीच्या दोन बाटल्या आहेत. एकीवर 'अर्क १०:१, ५०० मिग्रॅ', दुसरीवर 'अर्क ३०० मिग्रॅ, बॅकोसाइड (ब्राह्मीतला मुख्य घटक) ५५%'. जोरकस कुठली समजायची? आणि विसरभोळेपणा वाढू नये म्हणून सत्तरीत आधीपासूनच गिंको (गिंको झाडाच्या पानांचा अर्क) घेण्यात अर्थ आहे का? ७५ मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन रोज चालू आहे, हे धरून सांगा.

निर्गुंडी: १०:१ म्हणजे दहा किलो पाल्याचा एक किलो अर्क, बस. तो पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, बॅकोसाइड किती उतरलं, याचा पत्ता नाही. दुसरी बाटली निदान आकडा देते. मात्र तो कसा मोजला ते विचारा. यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या ढोबळ मोजणीत, बाकीची सॅपोनिनंही (बॅकोसाइडच्याच जातीची द्रव्यं) धरली जातात, त्यामुळे तोच अर्क एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीत, बराच कमी भरतो.

त्याआधी वनस्पतीचं नाव वाचा. बॅकोपा मोनिएरी (ब्राह्मीचं शास्त्रीय नाव) हवी. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही विकली जाते, तिच्यात बॅकोसाइड नसतंच.

चाचण्यांमध्ये बहुधा दिवसाला ३०० मिग्रॅ, १२ आठवडे दिलं गेलंय. पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणण्यात हशील नाही. जेवणानंतर घ्यावं, रिकाम्या पोटी मळमळ, पोटात कळा, जुलाब होतात. फायदा दिसला तोही आठवणीच्या काही चाचण्यांपुरता. स्मृतिभ्रंश टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही.

कुप्पी: गिंकोचं उत्तर सरळ आहे: प्रतिबंधासाठी नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'जेम' चाचणीत ७५ आणि त्यावरच्या वयाचे ३०६९ लोक होते. १२० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सुमारे सहा वर्षं. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी झालं नाही. फ्रान्समधल्या 'गाइडएज'चा २०१२ चा निकालही तोच. त्यात अ‍ॅस्पिरिन, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गिंको आधीच घेत असाल तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सांगाच.

गिंकोच्या पानांची पूड तर अजिबात नको. प्रमाणित अर्कात पानांतलं अपायकारक जिंकगोलिक आम्ल ५ पीपीएमच्या (दहा लाखांत पाच भाग) खाली आणलेलं असतं, पुडीत तसं नाही.

खलबत्ता: आणि मिरीच्या अर्कासकट येणारं कर्क्युमिन (हळदीतलं द्रव्य)?

कुप्पी: कर्क्युमिन रक्तात फार थोडं पोचतं, म्हणून पायपरिन (मिरीतलं द्रव्य) घालतात. पण पायपरिन फेनिटॉइन (फिट्सचं औषध), प्रोप्रानोलॉल (रक्तदाबाचं औषध) यांसारख्या औषधांचीही रक्तातली पातळी वाढवतं. कर्क्युमिन-पायपरिनच्या जोडगोळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

निर्गुंडी: एक राहिलं. डोनेपेझिल (अल्झायमरचं औषध) चालू असेल तर हुपरझीन-ए (स्मृतीसाठी विकलं जाणारं वनस्पतिजन्य द्रव्य) जोडू नका. दोन्ही एकाच एन्झाइमला अडवतात. नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. 'उंदरांची स्मृती सुधारली' अशा जाहिरातींत बहुतेकदा स्कोपोलामिन हे औषध टोचून तात्पुरता विसर पाडलेला असतो, तो अल्झायमर नव्हे. वनस्पतीतून आलेलं आणि औषध म्हणून मान्यता मिळालेलं उदाहरण हवं तर अल्झायमरवरचं गॅलँटामिन बघा, स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातलं. तेही लक्षणं सौम्य करतं, आजार थांबवत नाही.

विसर नव्याने वाढला असेल तर अर्काआधी बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासा, आणि चालू गोळ्यांत डायफेनहायड्रामिन (अ‍ॅलर्जीचं, झोपेचं औषध) किंवा ऑक्सिब्युटिनिन (वारंवार लघवी होण्यावरचं औषध) आहे का ते बघा. ही दोन्ही औषधं उतारवयात स्मृतीवर परिणाम करतात.